सुप्पारकाचा हात

मामा या नात्याला आपल्याकडे अधिकार थोडा आणि कामं फार. भाच्याचे कान टोचताना त्याला मांडीवर धरायचं, मुंजीत त्याची समजूत घालायची आणि पुढे तो आईबापांचं ऐकेनासा झाला की त्याला चार शब्द सांगायला जायचं. गेल्या वर्षी दिवाळीच्या फराळाचे डबे अजून रिकामे व्हायचे होते, तोच ताईचा फोन आला.

“अरे, तू प्राध्यापक आहेस, तुझं तो ऐकतो. घराच्या पहिल्या हप्त्याचे पैसे मोडून बोट घेतोय. शिडाची! जुनी! आणि ती घेऊन मस्कतला जाणार म्हणतोय. त्याला नाही म्हणून सांग.”

आता मी मराठीचा माणूस. नालासोपारा ते चर्चगेट हीच माझी रोजची सफर, आणि तीत दाराशी उभं राहायला जागा मिळाली म्हणजे मी स्वतःला दर्यावर्दी समजतो. पण नाही म्हणायला ज्ञान लागत नाही, असा माझा त्या वेळी समज होता. मी निघालो.

भाचा बँकेत संगणकाचं काम करतो. आठ वर्षांपूर्वी मुंबईत शिडाची होडी चालवायला शिकला आणि तेव्हापासून त्याचे रविवार समुद्राने घेतले. त्याने माझ्यापुढे फोटो मांडले. तीस फुटी, फायबरची बोट. इंग्लंडातल्या एका कारखान्यात १९७४ साली साच्यातून काढलेली. हात बदलत बदलत मुंबईला आलेली. आत गाद्या नव्या, रंग नवा, चिमुकली शेगडीसुद्धा. आमच्या पहिल्या बिऱ्हाडापेक्षा ती खोली मला बरी वाटली.

“मामा, जुनी म्हणून नाकारू नकोस,” तो म्हणाला. “ ‘सुहैली’ ठाऊक आहे ना? मुंबईत बांधलेली, सागवानी, बत्तीस फुटी. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन तीच घेऊन १४ जून १९६८ला इंग्लंडहून निघाला आणि कुठेही न थांबता पृथ्वीला वळसा घालून २२ एप्रिल १९६९ला परतला. नऊजण निघाले होते, पोचला तो एकटा. त्या बोटीचा नकाशा तेव्हाच चाळीस-एक वर्षं जुना होता!”

मुंबईच्या सागवानाने जग जिंकलं हे ऐकून माझी छाती फुगली, हे कबूल करतो. पण मास्तरकीची सवय वाईट. विद्यार्थ्याने एक दाखला दिला की त्याच्या मागचंपुढचं पान वाचल्याशिवाय चैन पडत नाही. त्याच्याच कपाटातलं पुस्तक घरी आणलं. त्याच शर्यतीत जॉन रिजवे आणि चे ब्लाइथ हे दोघे कारखान्यात बनलेल्या तीस फुटी बोटी घेऊन गेले होते. त्या बोटी कुटुंबाने सुट्टीत खाडीकिनारी फिरावं, ओहोटीला चिखलात सरळ बसाव्यात, अशा बेताच्या. तळाला एका कण्याऐवजी दोन. रिजवेला ब्राझीलला थांबावं लागलं, ब्लाइथला दक्षिण आफ्रिकेला. बोटी वाईट नव्हत्या. ज्या कामाला बनवल्या ते काम वेगळं होतं. उलट ‘सुहैली’लाही गळती लागलीच होती. नॉक्स-जॉन्स्टनने भर समुद्रात बुडी मारून फळ्यांच्या फटीत कापूस ठासून ती बुजवली. म्हणजे प्रश्न जुनी की नवी हा नव्हताच. ही बोट कशासाठी बनली, आणि आज आतून कशी आहे, हे दोन प्रश्न होते. आणि त्यांची उत्तरं फोटोत दिसत नव्हती.

तेव्हा मी अर्नाळ्याच्या एका वृद्ध तांडेलांना गाठलं. त्यांचा नातू माझा विद्यार्थी. आयुष्यभर आधी लाकडी आणि मग फायबरच्या होड्या त्यांनी चालवल्या आणि स्वतःच्या हाताने दुरुस्त केल्या. एका रविवारी आम्ही तिघे मुंबईच्या बंदरकाठी, जिथे ती बोट जमिनीवर टेकू देऊन उभी केली होती, तिथे पोचलो. मुलगी पाहायला जावं तसेच. फक्त पोहे नव्हते.

तळावर जागोजाग फोड आलेले पाहून मी घाबरलो. तांडेल हसले. “मास्तर, हे कातडीचं दुखणं. याने बोट बुडत नाही.” मग त्यांनी पिशवीतून एक लाकडी हातोडी काढली, डोळे मिटले आणि हलके हलके ठोकत नाळेपासून मागे निघाले. ठण्, ठण्, ठण्. कूस भरीव होती. वर चढले. डोलकाठीच्या बुडाशी आवाज बदलला; भद्द, भद्द. वरच्या पातळ थराखाली हलकं लाकूड भरलेलं असतं. स्क्रूच्या भोकांतून पाणी मुरून ते कुजलं होतं.

डोळे मिटलेल्या त्या म्हाताऱ्याकडे पाहताना मला जातकातला सुप्पारक आठवला. आमच्या सोपाऱ्याचंच नाव धारण करणारा हा नाखवा. खाऱ्या पाण्याने त्याचे डोळे गेले, तेव्हा भरुकच्छच्या राजाने त्याला वस्तूंची पारख करायला ठेवलं. राजासाठी आणलेल्या रथावर नुसता हात फिरवून त्याने सांगितलं की हा पोकळ झाडाच्या लाकडाचा आहे. या पारखीबद्दल राजाने त्याला दिली आठ नाणी. आम्ही तांडेलांना चहा आणि वडापाव दिला. तेव्हा राजाला नावं ठेवायला मी मोकळा नाही.

आता खरी पाहणी सुरू झाली. बोटीच्या तळाखाली लोखंडाचा जड कणा असतो. कोळी त्याला पठाण म्हणतात. लाटेने बोट आडवी केली तर तेच वजन तिला पुन्हा उभी करतं. कणा जिथे तळाला बोल्टांनी जोडलेला, तिथे तांबूस ओघळ होता. सुकाणूच्या खालच्या टोकाशी थेंब लोंबत होता. म्हणजे आत पाणी, आणि आतलं पोलाद गंजत असणार. डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारा लखलखीत, पण त्या ज्या पट्ट्यांना बांधलेल्या, त्या वरच्या थरातून जिथे आत शिरतात तिथे तपकिरी डाग. “पट्टी बाहेर चकचकीत, मध्ये सडते,” तांडेल म्हणाले. “किनाऱ्याने जा, वारा बघून परत ये, तर चालेल. पण आठ दिवस जमीन दिसायची नाही तिथे मागे फिरता येत नाही, पोरा. बोल्ट, सुकाणू, तारा, पट्ट्या, सगळं काढून बघ. जाणकार सर्व्हेअर आण. मग मस्कतचं बोल.”

भाच्याचा चेहरा उतरला. मला वाटलं, ताईचं काम झालं. पण परतीच्या लोकलमध्ये मी त्याला नाही म्हणू शकलो नाही. तांडेल नाही म्हणाले नव्हते. मग मी कोण? शिवाय अभिलाष टॉमींची हकीकत मीही वाचली होती. सप्टेंबर २०१८मध्ये दक्षिण हिंदी महासागरात त्यांची गोव्यात बांधलेली ‘थुरिया’ उलटली, डोलकाठी मोडली, पाठ जायबंदी झाली. पण बोट पुन्हा सरळ झाली, तरंगत राहिली, म्हणून सुटका होईपर्यंत ते आत पडून राहू शकले. आणि त्याच शर्यतीच्या पुढच्या खेपेला, जिथे १९८८पूर्वीच्या आराखड्याच्याच बोटी चालतात, ते ‘बायनात’ नावाची कारखान्यातली बोट घेऊन २९ एप्रिल २०२३ला दुसरे आले.

सर्व्हेअरने तांडेलांचीच यादी टंकलिखित करून दिली. ती दाखवून भाच्याने किंमत पुष्कळ उतरवली आणि बोट घेतली. ताई माझ्याशी दोन महिने बोलली नाही.

फाल्गुनात एका संध्याकाळी तो तिच्याकडे आला, तेव्हा मीही होतो. त्याने वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक पट्टी टेबलावर ठेवली. काढताना ती हातातच मोडली होती. दोन्ही टोकं आरशासारखी. मोडल्या जागी काळी, आणि अखंड धातू नखाएवढा.

ताईने ती उलटसुलट करून पाहिली. “ही तिकडे मोडली असती तर?”

“डोलकाठी गेली असती.”

ती बराच वेळ गप्प होती. मी चष्मा पुसत बसलो. मग तिने विचारलं, “बाकीच्या काढल्यास का?”

“सगळ्या. नव्या केल्या.”

“आणि ते बोल्ट?”

“पुढच्या महिन्यात.”

यंदा पावसाळा सरल्यावर बोट मुरूडपर्यंत जाऊन आली. सुकाणू अजून थोडं खटखटतं, म्हणून मस्कत पुढच्या वर्षावर गेलं आहे. ताईने या दिवाळीत चिवड्याचा एक डबा वेगळा बांधला. झाकणाला मेण लावून पाणी आत जात नाही ना, हे तिने स्वतः बादलीत बुडवून पाहिलं.