नोकरी सुटली, परवलीचा शब्द राहिला

जयपूरच्या सोडाला भागातील असो वा पुण्यातील, लहान कंपनीतून काढून टाकलेल्या माणसाचा परवलीचा शब्द पुष्कळदा महिनोन्‌महिने चालूच राहतो. त्याचा राग खरा असतो, थकलेला पगारही खरा असतो. परंतु तो शब्द चालतो म्हणजे आत शिरण्याची परवानगी आहे, असे कायदा मानत नाही.

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ नुसार मालकाच्या परवानगीवाचून संगणकात शिरणे, माहिती उतरवून घेणे किंवा पुसणे यांबद्दल भरपाई द्यावी लागते. हेच कृत्य अप्रामाणिकपणे वा कपटाने केल्यास कलम ६६ लागू होते: तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

बदनामीची गोष्ट निराळी. मालकांविषयी अश्लाघ्य ई-मेल धाडल्याच्या आरोपावरून एसएमसी न्यूमॅटिक्स कंपनीने एका कर्मचाऱ्यास काढले आणि दिल्ली उच्च न्यायालयाकडून २००१ मध्ये त्याच्याविरुद्ध अंतरिम मनाई मिळवली. पुढे ई-मेलच्या पुराव्यास आवश्यक ते प्रमाणपत्र जोडलेले नसल्याने २०१४ मध्ये कायमची मनाई नाकारली गेली. कर्मचारी सुटला खरा. पण तब्बल तेरा वर्षांनी!

आक्षेपार्ह संदेशांबाबतचे कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केले, तरी बदनामी हा गुन्हा उरलाच. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये त्यास दोन वर्षांपर्यंत साध्या कैदेची तरतूद आहे.

थकीत वेतनासाठी कामगार विभागाकडे दाद मागता येते. मात्र तत्पूर्वी ग्राहकांची यादी पुसली असेल, तर उलट तक्रारीचे हत्यार मालकाच्या हाती आयतेच येते.