संक्रांत ऋतूची, नक्षत्र ताऱ्यांचे

५ एप्रिलला स्टुटगार्टात जन्मलेल्या मराठी घरातल्या मुलाच्या वाट्याला दोन सूर्यराशी येतात. जर्मन वर्तमानपत्रातल्या भविष्याच्या रकान्यानुसार, म्हणजे मार्चमधल्या विषुवदिनी सूर्य असतो त्या वसंतसंपातापासून मोजणाऱ्या सायन पद्धतीने, तो मेषेचा. आजी-आजोबांनी पुण्यात करून घेतलेल्या पत्रिकेत मात्र, म्हणजे ताऱ्यांच्या आधारे मोजणाऱ्या निरयण पद्धतीने, रवी मीन राशीत असतो. मराठी माणूस ज्या चंद्रराशीला खरी रास मानतो तीही यातून सुटत नाही. दोन्ही पद्धतींच्या आरंभबिंदूंत आज २४ अंशांहून थोडे अधिक अंतर आहे आणि रास ३० अंशांची आहे, त्यामुळे दहापैकी आठ वेळा चंद्राची रासही बदलते. अशा वेळी आईवडिलांना दोन ठाम उत्तरे ऐकू येतात. एक पक्ष सांगतो की निरयण म्हणजे खरे आकाश आणि सायन ही पाश्चात्त्यांची चूक. दुसरा सांगतो की सायन शास्त्रीय आणि निरयण कालबाह्य. ही दोन्ही उत्तरे टिकत नाहीत. वाद राशींचा दिसत असला तरी तो शून्याचा आहे. वर्तुळाला स्वतःचा आरंभ नसतो, तो आपण ठरवतो. म्हणून ज्या कामासाठी मोजायचे, त्या कामाला शोभेल असा आरंभ निवडावा लागतो.

निरयण पक्षाचा पहिला दावा खऱ्या आकाशाचा. रवी मीनेच्या ताऱ्यांत असताना त्याला मेषेत म्हणणे खोटे, असे हा पक्ष म्हणतो. पण निरयण पद्धतीतही राशी सारख्या ३० अंशांच्याच आहेत, आकाशातले तारकासमूह मात्र सारखे नाहीत. आंतरराष्ट्रीय खगोल संघाने १९३० साली आखलेल्या सीमांनुसार सूर्य कन्येत सुमारे ४५ दिवस आणि वृश्चिकेत जेमतेम आठवडाभर असतो, शिवाय भुजंगधारी या तेराव्या समूहातूनही जातो. म्हणजे निरयण रास हाही ताऱ्यांवर ठेवलेला एक आखीव मापदंडच ठरतो. तो नेमका कोठे ठेवायचा, याचे उत्तर तारे देत नाहीत. पाश्चात्त्यांना अयनगती, म्हणजे संपातबिंदूचे ताऱ्यांमधून हळूहळू सरकणे, कळली नाही, हा आरोपही निराधार आहे. ती हिपार्कसने इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात ओळखली होती आणि टॉलेमीने ती ठाऊक असूनच मेषारंभ वसंतसंपातावर धरला. तो विचार करून घेतलेला निर्णय होता.

मापदंड ठेवण्यावरून झालेला वाद महाराष्ट्राइतका कोणी जवळून पाहिलेला नाही. केरोपंत छत्र्यांनी १८६५च्या सुमारास पटवर्धनी पंचांग सुरू केले तेव्हा रेवतीतला झीटा पीशियम हा तारा आरंभस्थानी धरला. लोकमान्य टिळकांनीही रेवती पक्ष उचलून धरला. व्यंकटेश बापूजी केतकरांनी चित्रा तारा १८० अंशांवर बसवून आरंभ काढला, आणि पुढे भारत सरकारच्या पंचांग समितीने तोच मार्ग धरून २१ मार्च १९५६ रोजी अयनांश, म्हणजे सायन आणि निरयण आरंभांतले अंतर, २३ अंश १५ कला मानले. रेवती आणि चित्रा या दोन पक्षांच्या आरंभांत जवळपास ४ अंशांचे अंतर आहे. म्हणून टिळक पंचांगाची मकरसंक्रांत १० जानेवारीच्या आसपास येते आणि इतर पंचांगांची १४ किंवा १५ तारखेला. अयनांश शून्य होते ते वर्ष कोणते, हे विचारले तरी तीन उत्तरे मिळतात. चित्रा पक्षाचे इसवी सन २८५च्या सुमाराचे, रेवती पक्षाचे ५७०च्या पुढचे, आणि नांदगावच्या गणेश दैवज्ञांच्या ‘ग्रहलाघवा’तले शके ४४४, म्हणजे इसवी सन ५२२. हे सगळे व्यासंगी गणिती होते. त्यांचे एकमत झाले नाही याचे कारण निरयण शून्याच्या जागी आकाशात सर्वांना मान्य होईल अशी खूण नाही, तेथे करार करावा लागतो. ज्याचा आरंभच कराराने ठरतो, त्याला एकमेव खरे आकाश म्हणता येत नाही.

दुसरा दावा परंपरेचा. निरयण सोडणे म्हणजे ऋषींना सोडणे, असे म्हटले जाते. परंपरेचे ग्रंथ मात्र वेगळे सांगतात. वेदांगज्योतिषात उत्तरायणाचा आरंभ धनिष्ठारंभी सांगितला आहे. सहाव्या शतकातला वराहमिहिर तोच जुना निर्देश सांगून लिहितो की आता उत्तरायण मकरारंभी होते, आणि फरक दिसला तर प्रत्यक्ष वेध घेऊन पाहावे. ‘सूर्यसिद्धान्ता’तही मकरसंक्रांत आणि उत्तरायण यांची सांगड आहे. म्हणजे मकरसंक्रांतीला अर्थ आला तो उत्तरायणामुळे. याच आधारावर विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सायन पंचांगाचा आग्रह धरला. १८९६ साली ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ देणाऱ्या दीक्षितांना परंपरेचा अनादर होता, असे कोण म्हणेल? वेध घेऊन दुरुस्ती करणे हीच त्या परंपरेची रीत आहे. जुना आकडा घट्ट धरून ठेवला की तीच मोडते.

सायन फलज्योतिषी मात्र यावरून विजय मानू लागले तर तेही चुकतील. मेष म्हणजे वसंताचा उत्साह आणि मकर म्हणजे हिवाळ्याचा संयम, असे ते ऋतूंवरून स्वभाव सांगतात. पण सूर्य सायन मकरेत असतो तेव्हा सिडनीत भर उन्हाळा असतो. ऋतू उलटला तरी स्वभाव तोच राहत असेल, तर ऋतूचा आधार फक्त सांगण्यापुरता उरतो. शेवटी दोन्ही पक्ष अनुभवाचा दाखला देतात, आणि तो तपासून झालेला आहे. शॉन कार्लसन यांनी १९८५ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत पाश्चात्त्य, म्हणजे सायन पद्धतीच्या ज्योतिषांना प्रत्येक कुंडलीसाठी तीन स्वभाववर्णनांतून योग्य ते निवडायचे होते. ते सुमारे एक-तृतीयांश वेळाच बरोबर आले, आणि डोळे मिटून निवडले तरी तेवढेच येतात. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी २००८ साली महाराष्ट्रात निरयण कुंडल्यांची चाचणी घेतली. हुशार आणि मतिमंद अशा दोन गटांतल्या मुलांच्या कुंडल्या मिसळून ज्योतिषांना प्रत्येकी ४० पाठवल्या. उत्तरे पाठवणाऱ्या २७ जणांची ४६ टक्के उत्तरे बरोबर आली, तर नाणे उडवून ५० टक्के येतात. दोन्ही पद्धती स्वतंत्रपणे कसोटीला लागल्या आणि दोन्ही सारख्याच उतरल्या. स्वभाव आणि भविष्य सांगण्यासाठी कोणती पद्धत खरी, या प्रश्नाला त्यामुळे अर्थच राहत नाही.

मग सायन पद्धतीच्या बाजूने काय उरते? जे उरते ते अतिशय भक्कम आहे. सूर्य विषुववृत्त ओलांडतो तो क्षण आणि त्याची दक्षिणेची वाटचाल थांबते तो क्षण कोणाच्या करारावर अवलंबून नाहीत. स्टुटगार्टात हे सहज पाहता येते. २१-२२ डिसेंबरला तेथे दिवस सुमारे सव्वाआठ तासांचा असतो आणि १४ जानेवारीपर्यंत सुमारे २५ मिनिटांनी वाढलेला असतो. मुंबईत सर्वांत लहान दिवसही जवळपास ११ तासांचा असल्याने हा बदल फारसा जाणवत नाही आणि तीन आठवड्यांची चूक खपून जाते. ४८ अंश अक्षांशावर ती खपत नाही. १४ जानेवारीला आज उत्तरायण लागले असे मुलाला सांगितले, तर खिडकीबाहेरचा उजेडच ते खोटे ठरवतो. स्टुटगार्टाच्याच पश्चिमेला, एस-बानच्या एका फाट्याच्या शेवटच्या स्थानकावर, वाइल डेर श्टाट हे योहानेस केपलरचे जन्मगाव आहे. आयुष्यभर कुंडल्या मांडणाऱ्या केपलरनेही राशिचक्राचे बारा भाग ही माणसाने केलेली विभागणी आहे, निसर्गाची नव्हे, असे स्पष्ट मांडले. ऋतूंचे चक्र मात्र निसर्गाचे आहे. मेघनाद साहा यांच्या समितीच्या शिफारशीवरून भारताने २२ मार्च १९५७ रोजी जी राष्ट्रीय दिनदर्शिका स्वीकारली, तिचा १ चैत्र याच कारणाने वसंतसंपाताला जोडलेला आहे.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप नक्षत्रांचा आहे. चैत्रातला पूर्ण चंद्र चित्रेजवळ दिसतो म्हणून तो चैत्र, ती सांगड सायन गणनेने तुटेल. हा आक्षेप मला मान्य आहे. सायन नक्षत्रे मानणे ही जुन्या सायन पंचांगाची खरी दुबळी बाजू होती. रोहिणी, मघा, चित्रा हे तारे आहेत, चंद्र त्यांच्याजवळ दिसतो, तेव्हा चंद्रनक्षत्र आणि त्यावरून पडलेली महिन्यांची नावे निरयणच राहिली पाहिजेत. त्याची किंमतही उघड मोजावी: नाक्षत्र वर्ष सायन वर्षापेक्षा सुमारे २० मिनिटांनी मोठे असल्याने हे महिने ऋतूंपासून दर सत्तरेक वर्षांनी एक दिवस सरकत राहतील. दुसरा आक्षेप सवयीचा, की १४ जानेवारीचा सण हलवायचा कसा. पण तो मुळात स्थिर नाहीच. स्वामी विवेकानंदांचा जन्म १८६३ साली मकरसंक्रांतीला झाला, ती तारीख १२ जानेवारी होती. सरकणाऱ्या तारखेला आपण परंपरा म्हणतो आणि जिच्यामुळे सणाला अर्थ आला ती उत्तरायणाची घटना मात्र विसरतो. सण लगेच हलवा, असा माझा आग्रह नाही. तिळगूळ १४ तारखेला खुशाल वाटावा. त्या दिवसाला उत्तरायणाचा आरंभ म्हणणे मात्र थांबवले पाहिजे.

निर्णय असा: अयन, ऋतू आणि विषुवदिन सायन गणनेने सांगावेत, चंद्राचे नक्षत्र आणि मासनामे निरयण गणनेने, आणि प्रत्येक पंचांगाने आपण कोणते अयनांश धरले ते पहिल्याच पानावर छापावे. स्टुटगार्टातल्या आणि पुण्यातल्याही आईवडिलांना माझी विनंती आहे की मुलाला दोन राशींपैकी एक निवडून देऊ नका. २१ डिसेंबरच्या आसपास त्याला मावळतीची जागा दाखवा, रात्री रोहिणी दाखवा, दोन्ही मापे कशी चालतात ते समजावून सांगा. त्याचा स्वभाव आणि भवितव्य ठरवण्याचा अधिकार दोन्हींपैकी एकाही राशीला देऊ नका.