सुकं खोबरं विचारता, मग औषधांचं का नाही?

प्रति,
सहआयुक्त, अन्न व औषध प्रशासन, नागपूर विभाग;
व्यवस्थापन, डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ, सोनेगाव;
नागपूरहून उड्डाणं करणाऱ्या विमान कंपन्या;
तसेच शहरातील डॉक्टर आणि औषध विक्रेते



सोनेगावला बॅग काट्यावर ठेवली की काउंटरवरून ठरलेले प्रश्न येतात. पॉवर बँक आहे का? लायटर आहे का? सुकं खोबरं आहे का? खोबऱ्यात तेल असतं, ते पेट घेऊ शकतं, म्हणून 2022 पासून सामानाच्या बॅगेत त्याला मनाई आहे. विचारतात ते बरंच करतात. पण औषधं कोणती, किती दिवसांची, चिठ्ठी जवळ आहे का, हे कोणी विचारत नाही. खोबरं सापडलं तर ते बाहेर काढून ठेवतात. भलती गोळी सापडली तर माणूसच आत जातो, आणि तेही परक्या देशात.

नागपूरहून थेट परदेशी जाणारी विमानं मुख्यतः आखाताकडे जातात, शारजा आणि दोह्याला. आपल्याकडे घरोघरी चालणाऱ्या काही औषधांवर तिकडे कडक निर्बंध आहेत. दुखण्यावरचं ट्रॅमाडोल, कोडीन असलेलं खोकल्याचं सिरप, झोपेसाठीचं अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम ही त्यातली काही. यात सगळ्यांत फसवं प्रीगॅबालिन. मधुमेहाने पायाला मुंग्या येतात म्हणून ते देतात आणि बहुधा मिथाइलकोबालामिनसोबत एकाच गोळीत देतात. आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या लेखी ती ‘नसांची व्हिटॅमिनची गोळी’. व्हिटॅमिनला कोण अडवणार, म्हणून ती डब्यात सुटी टाकलेली असते. संयुक्त अरब अमिरातीत अशी औषधं न्यायची तर निघण्याआधीच तिथल्या सरकारची ऑनलाइन परवानगी काढावी लागते. हे गांधीबागेच्या दवा बाजारात औषध घेताना कोणी सांगत नाही, तिकीट काढतानाही सांगत नाही.

हा बागुलबुवा नाही. 2017 साली एक ब्रिटिश महिला आपल्या जोडीदाराच्या पाठदुखीसाठी ट्रॅमाडोलच्या 290 गोळ्या घेऊन इजिप्तला गेली आणि तिला 3 वर्षांची शिक्षा झाली. त्याच ट्रॅमाडोलला आपल्या सरकारनेही 2018 मध्ये अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणलं. म्हणजे ही फक्त ‘तिकडच्यांची’ कटकट उरलेली नाही.

आमच्या इतवारीची आणखी एक रीत आहे. परदेशी निघालेल्याच्या बॅगेत चार घरांची पाकिटं असतात. एकाच्या मुलाला बीपीच्या गोळ्या, दुसऱ्याच्या सुनेला सावजी मसाला, सोबत किराणा ओळीतून घेतलेली पावभर खसखस. मंदसौर-नीमचकडच्या परवान्याच्या शेतातली खसखस इथे निर्धास्त विकली जाते. अमिरातीत तीच खसखस बंदीच्या यादीत आहे, कारण ती अफूच्याच बोंडातली. दुसऱ्याचं पाकीट किती महागात पडतं हे मुंबईच्या एका जोडप्याने भोगलं. 2019 मध्ये नात्यातल्या बाईने दिलेलं पाकीट घेऊन ते दोह्याला उतरलं, त्यात चरस निघालं आणि दोघांना 10 वर्षांची शिक्षा झाली. 2021 मध्ये ते निर्दोष सुटले खरे, पण तोवर लेकीचा जन्म तुरुंगात झाला होता. तेव्हा पाकिटं नाकारायला आम्हीही शिकलं पाहिजे. ते आमचं काम, आम्ही करू.

तुमचं काम वेगळं आहे. परदेशातला अधिकारी साधे प्रश्न विचारतो : ही गोळी कसली, कोणी दिली, कोणासाठी दिली? उत्तर कागदावर लागतं आणि तो कागद नागपुरात मिळत नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या आचारसंहितेत 2016 साली दुरुस्ती झाली. औषधाचं जेनेरिक नाव सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावं, असं ती सांगते. आमच्या हाती येते ती दोन ब्रँडची नावं आणि एक वेलांटीसारखी सही. ब्रँडचं नाव इथल्या दुकानदाराला कळतं, दोह्याच्या कस्टमवाल्याला त्यातून काय बोध होणार? दुकानात वीस गोळ्या मागितल्या की कात्री चालते. पंधराची एक स्ट्रिप पूर्ण आणि दुसरीतून कापलेला पाच गोळ्यांचा तुकडा. बॅच नंबर आणि मुदत छापलेली कड दुकानातच राहते. बिल मागितलं तर, “कायले पाहिजे काकू, रोजचीच तर गोळी आहे!”

मुलीच्या बाळंतपणाला सहा महिने अमेरिकेला निघालेली आई असल्या तुकड्यांनी डबा भरते. तिथे साधारण 90 दिवसांचा साठा चालतो, हे तिला ठाऊक नसतं. जपानमध्ये तर चिठ्ठीवरची साधी औषधंसुद्धा महिन्याभरापेक्षा जास्त न्यायची असतील तर आधी मंजुरी लागते. इन्सुलिन घेणाऱ्यांची वेगळीच धांदल. ते गोठलं की वाया जातं, म्हणून सामानाच्या बॅगेत न टाकता हातातल्या पिशवीत ठेवायचं. आंतरराष्ट्रीय उड्डाणात 100 मिलिलिटरच्या नियमातून औषधाला सूट मिळते, पण सुरक्षा तपासणीत चिठ्ठी दाखवावी लागते. पुन्हा गाडी त्याच कागदावर येऊन अडते.

विमान कंपन्या म्हणतील, दुसऱ्या देशाचा कायदा सांगणं आमचं काम नाही. मग व्हिसा का तपासता? व्हिसा नसलेल्याला परत आणण्याचा भुर्दंड कंपनीवर पडतो, म्हणून तो इथेच बारकाईने पाहिला जातो. गोळीचा भुर्दंड एकट्या प्रवाशावर पडतो, म्हणून तिची चौकशी होत नाही. नुकसान ज्याचं, काळजीही त्यानेच करायची, असा हा हिशेब आहे.

आमच्या मागण्या चारच आहेत.

डॉक्टरांनी प्रवासाला निघालेल्या रुग्णाला टाइप केलेलं पत्र द्यावं. त्यात पासपोर्टवरचं नाव, आजार, औषधाचं जेनेरिक नाव, मात्रा, दिवस, नोंदणी क्रमांक आणि शिक्का असावा.

औषध विक्रेत्यांनी प्रवासासाठीची औषधं अख्ख्या स्ट्रिपमध्ये आणि पक्क्या बिलावर द्यावीत. वर नमूद केलेल्या औषधांची चिठ्ठी आली की “बाहेरदेशी चाललात का?” एवढं विचारावं.

अन्न व औषध प्रशासनाने अशा औषधांची यादी आणि परवानगी कुठे काढायची याची माहिती एका पानावर, मराठी आणि हिंदीत, प्रत्येक औषध दुकानात लावायला लावावी.

विमानतळाने आणि कंपन्यांनी तीच माहिती चेक-इनच्या रांगेच्या तोंडाशी लावावी, तिकिटासोबतच्या संदेशातही पाठवावी. बॅग पट्ट्यावर गेल्यावर कळून उपयोग नाही, आणि विमानतळावर पोहोचल्यावर कळलं तरी परवानगी काढायला वेळ उरत नाही.

यातल्या कशालाही नवा कायदा लागत नाही. आधी कोणी करायचं यावर घोडं अडणार असेल, तर सुरुवात डॉक्टरांनी करावी. यादी लागायला महिने जातील, पण ते पत्र उद्याच्या ओपीडीतही देता येतं, आणि ते हातात असलं तर पुढची परवानगी रुग्णाचा मुलगा घरी बसून काढू शकतो.

कळावे,

आपला,
एक इतवारीकर
इतवारी, नागपूर