रोल धुणे म्हणजे काय?

शेजारचा कॉलेजात जाणारा मुलगा मध्यंतरी आमच्या दारात येऊन उभा राहिला. हातात त्याच्या आजोबांचा जुना कॅमेरा. कुठूनसा कृष्णधवल रोल मागवून त्याने छत्तीस फोटो काढले होते. "काका, हा धुवायला कुठे टाकू?" त्याने विचारले. आमच्या भागातील स्टुडिओने रोल धुण्याचे काम केव्हाच बंद केले आहे. आम्ही म्हणालो, "टाकायचा कुठेच नाही. घरीच धुऊ."

वाचकहो, 'रोल धुणे' हा आपल्या लोकांनी केलेला शब्द आहे. फिल्मवर जे काही संस्कार होतात त्या सगळ्यांना आपण धुणेच म्हणतो. पण खरे धुणे हे त्यातले अगदी शेवटचे काम, आणि घाई होते ती नेमकी तिथेच. आम्हीही केली होती. ते पुढे सांगतो.

आधी कृती. यासाठी डार्करूम लागत नाही. झाकणाची एक काळी प्लास्टिकची टाकी मिळते. तिच्या झाकणातून औषध वळणे घेत आत जाते. प्रकाशाला मात्र अशी वळणे घेता येत नाहीत. म्हणून एकदा फिल्म आत गेली की बाकीचे सारे काम उजेडात करता येते. अंधार लागतो तो फक्त फिल्म रिळावर चढवताना. त्या वेळी लाल दिवाही चालत नाही. लाल दिवा फोटोच्या कागदासाठी. आजची फिल्म लाल उजेडानेही खराब होते. रात्री न्हाणीघराचे दार लावून, फटीला चादर लावून हे काम करावे. रीळ अगदी कोरडे हवे, नाही तर फिल्म मध्येच अडकते. आधी वाया गेलेल्या फिल्मवर उजेडात, मग डोळे मिटून दहा वेळा सराव करावा.

आता औषधे. फिल्मवर चांदीच्या क्षारांचे बारीक कण असतात. ज्या कणांवर उजेड पडला, त्यांची डेव्हलपर काळी चांदी करतो. चित्र उमटते ते असे. डेव्हलपर २० अंश सेल्सिअसला वापरावा. एचपी-५ प्लस ही इल्फर्डची फिल्म आयडी-११ या डेव्हलपरच्या मूळ द्रावणात या तापमानाला साडेसात मिनिटांत तयार होते. प्रत्येक फिल्मची वेळ वेगळी असते, ती पुडक्यावर पाहावी. आपल्याकडे उन्हाळ्यात नळाचे पाणी तिसाच्या आसपास असते. तेव्हा डेव्हलपरची बाटली बर्फाच्या पाण्याच्या घमेल्यात ठेवावी आणि थर्मामीटरने पाहावे. अंदाज नको. औषध ओतल्यावर टाकी ओट्यावर हलकेच आपटावी, म्हणजे बुडबुडे सुटतात. मग दर मिनिटाला चार वेळा उलटीसुलटी करावी.

डेव्हलपर काढून टाकीत साधे पाणी फिरवावे आणि मग हायपो घालावा. उजेड न लागलेले चांदीचे क्षार फिल्मवर अजून असतातच. हायपो ते विरघळवून काढतो. हा गुण जॉन हर्शेल या शास्त्रज्ञाने १८१९ साली शोधला आणि १८३९ साली तो फोटोच्या कामी आला. हायपोत किती वेळ ठेवावे? फिल्मचा कापलेला तुकडा आधी हायपोत टाकून पाहावा. त्याचा दुधाळपणा जायला जितका वेळ लागेल, त्याच्या दुप्पट वेळ रोल ठेवावा.

आता आमची गोष्ट. १९९१ साली आम्ही पहिला रोल घरी धुतला. त्यात आमच्या आजीचा फोटो होता. ओसरीवर बसून ती तांदूळ निवडत होती, आणि हाक मारताच तिने वर पाहिले होते. आजीला स्टुडिओत कोणी कधी नेले नव्हते. तिचा तो एकच फोटो. त्या दिवशी नळ जाऊन बराच वेळ झाला होता. घरात दोन हंडे पाणी, तेही स्वयंपाकाचे. आम्हाला तर फोटो सगळ्यांना दाखवायची घाई! हायपोत रोल दोन मिनिटे ठेवला, बादलीतल्या उरल्यासुरल्या पाण्यात दोनदा बुचकळला आणि दोरीवर टांगला. चित्र सुरेख आले होते. सगळ्यांनी उजेडात धरून पाहिले, आजीही हसली. कागदावर प्रत काढायची मात्र राहून गेली. निगेटिव्ह आहे ना, केव्हाही काढू!

दोन वर्षांनी आजी गेली. त्यानंतर बऱ्याच काळाने प्रत काढायला निगेटिव्ह बाहेर काढले, तर त्यावर पिवळे-तपकिरी डाग पसरले होते. आजीच्या हातातले सूप दिसत होते. चेहरा दिसत नव्हता.

दोष पाण्याचा नव्हता, आमचा होता. फिल्मवर राहिलेले क्षार आणि हायपो हळूहळू चित्र खातात. पहिल्या दिवशी काहीच दिसत नाही, म्हणून माणूस फसतो. डेव्हलपर चित्र दाखवतो. ते टिकवतात हायपो आणि पाणी.

आणि पाणी तरी किती लागते? आम्हाला पुढे कळले ते ऐकून मनाला फार लागले. टाकी पाण्याने भरून पाच वेळा उलटीसुलटी करावी आणि ओतावी. पुन्हा भरून दहा वेळा, पुन्हा भरून वीस वेळा. पाण्याचे तापमान आधीच्या औषधांइतकेच ठेवावे. एका रोलच्या टाकीत सुमारे ३०० मि.ली. पाणी मावते. म्हणजे तीन वेळचे मिळून लिटरभरही नाही! हायपोत तुरटी असेल तर मात्र धुणे बरेच लांबवावे.

घरच्यांसाठी दोन गोष्टी. या कामाची मापे आणि भांडी वेगळी ठेवावीत, स्वयंपाकाला पुन्हा वापरू नयेत. बाटल्यांवर चिठ्ठ्या लावून त्या मुलांच्या हाताला येणार नाहीत अशा ठेवाव्यात. डेव्हलपरमधल्या मेटॉलने काहींच्या हाताला पुरळ उठते, म्हणून हातमोजे घालावेत. वापरलेल्या हायपोत चांदी असते. तो विहिरीजवळ किंवा झाडाच्या मुळाशी ओतू नये.

शेजारच्या मुलाचा रोल आम्ही दोघांनी मिळून धुतला. दुसऱ्या पाण्यानंतरच तो झाकणाकडे हात नेऊ लागला. "काका, आता बघू या ना!" आम्ही त्याचा हात धरला. "अजून एक पाणी. वीस वेळा." त्याने मोजत वीस वेळा टाकी फिरवली. मग रोल न्हाणीघरात कपड्यांच्या चिमट्याने टांगला, खाली वजनाला दुसरा चिमटा लावला.

सकाळी पाहिले तर बाराव्या चौकटीत त्याची आजी होती. आम्ही त्याला त्याच दिवशी प्रत काढायला लावली आणि निगेटिव्हच्या पाकिटावर आजीचे नाव, गाव आणि साल लिहायला सांगितले. तुमच्याही कपाटात जुनी निगेटिव्ह असतील, तर या रविवारी काढून पाहा. ज्यांची नावे सांगू शकतील अशी माणसे घरात आहेत, तोवर लिहून घ्या.