आजोबांचा अंगठा व खडीची खाण

1958 च्या कनिष्ठ गाववतन निर्मूलन कायद्यान्वये ज्या वतनी जमिनी आपल्या घराण्यांना पुनश्च मिळाल्या, त्यांतील माळरानांवर खडीवाल्यांचा डोळा आहे. मुद्रांकावर आजोबांचा अंगठा घ्यावा, चार पैसे हातावर ठेवावेत आणि टेकडी फोडून न्यावी, हा त्यांचा धंदा! पुढे दुसराच इसम तसलाच कागद घेऊन उभा राहतो. वर्षाहून अधिक मुदतीचा पट्टा नोंदविलाच पाहिजे, असे 1908 चा नोंदणी कायदा सांगतो. त्यावाचून दोघांचेही कागद लंगडे. खनिज बहुधा सरकारचे, हे खरे. परंतु भूपृष्ठ आपले आहे. जमीन नवीन शर्तीची असल्यास खाणीसारख्या बिगरशेती कामास कलेक्टरांची परवानगीही लागते. सातबाऱ्याचा उतारा काढून ‘इतर हक्क’ हा रकाना आजच वाचा. आजोबांना मात्र दटावू नका. तो कागद त्यांना कोणी वाचून दाखविलाच नव्हता.