आधी पाटी, मग ताट

भुकेलेला माणूस हॉटेलच्या दारात आला की आधी कोठे पाहतो? खुर्च्यांकडे नाही, भिंतीवरच्या तसबिरींकडेही नाही. तो फळ्याकडे पाहतो. काळ्या फळ्यावर खडूने लिहिलेले असते : मिसळ, भजी, राइसप्लेट, चहा, आणि प्रत्येकासमोर भाव. तेवढे वाचून तो मनातल्या मनात हिशेब करतो आणि आत शिरतो, नाहीतर ‘जरा पुढे बघू’ म्हणत चालू लागतो. दोन्ही वेळी त्याचा मान राहतो. कोणाला विचारावे लागत नाही, कोणासमोर खिसा चाचपावा लागत नाही.

आता हा फळा मोबाइलवर आला आहे. हॉटेलची वेबसाइट म्हणजे दुसरे काय? गिऱ्हाईक दारात पोचण्याआधीच त्याच्या हातात दिलेला तो फळा आहे. पण खडूचा फळा जे निमूटपणे सांगत होता, नेमके तेच सांगताना हा नवा फळा मागेपुढे पाहतो, अशी माझी तक्रार आहे. आणि या तक्रारीत मी स्वतःलाही धरले आहे.

या विषयावर बोलण्याचा तुला काय अधिकार, असे कोणी विचारील. आमचे नाते गाव महाडहून रायगडला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. गड पाहायला निघालेली गाडी आमच्या गावावरून पुढे कोंझर, पाचाडकडे जाते. या रस्त्यावर ‘घरगुती जेवण मिळेल’ अशा पाट्या ठिकठिकाणी दिसतात. तशी एक आमच्याही ओटीवर आहे. आई चुलीशी असते, काकी भाकऱ्या थापते आणि फोन माझ्याकडे असतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. त्यामुळे लिहिण्यावाचण्याचे म्हणून जे काही काम निघते ते माझ्या गळ्यात पडते, मग ते वीजबिल असो की वेबसाइट!

फोनवर माणसे काय विचारतात ते मी एका वहीत टिपून ठेवू लागले. आज ती वही चाळताना वाटते की, जेवणाऱ्याला काय हवे याचा शोध घ्यायला फार लांब जायला नको. “आता आलो तर जेवण मिळेल का?” हा पहिला प्रश्न. “ताट केवढ्याला?” हा दुसरा. मग “शाकाहारी वेगळ्या भांड्यात शिजते ना?”, “आमच्यात एकाचा उपवास आहे, काही होईल का?”, “पन्नास मुलांची बस उभी राहील का?”, “मोबाइलवरून पैसे जातात का, की रोख लागतील?” बायकांचा फोन असेल तर शेवटी जरा आवाज खाली करून, “ताई, संडासची सोय आहे ना?” इतकेच! आमचे घराणे किती जुने, आमचे ध्येय काय, हे मला आजवर एकानेही विचारलेले नाही.

आता आमच्या वेबसाइटची गोष्ट. शहरात राहणाऱ्या ओळखीच्या एका मुलाने ती करून दिली. उघडली की आधी धुक्यातला डोंगर दिसे, मग बासरी वाजू लागे. त्यानंतर इंग्रजीत आमच्या ‘वारशा’विषयी दोन परिच्छेद होते. त्याखाली एका ताटाचे चित्र होते आणि त्यात भलेमोठे पापलेट पहुडले होते. आमच्या चुलीवर होते ती तांदळाची भाकरी, कोंबडीचा रस्सा, वालाचे बिरडे, कुळथाचे पिठले, कधी सुके बोंबील. चित्रातले ताट आमचे नव्हतेच. भाव कोठेही लिहिलेला नव्हता. आणि सर्वांत खाली होते : चोवीस तास सेवा.

हे सारे मी वाचले होते. चोवीस तास आमची चूल पेटत नाही, हे मला ठाऊक होते. पण ते इंग्रजीत होते, दिसायला देखणे होते, आणि कॉलेजात जाणाऱ्या मुलीने ‘हे चूक आहे’ म्हणावे एवढा धीर मला झाला नाही. ‘नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा’ ही म्हण मी शाळेत अनेकदा लिहिली होती. ती आपल्याच ओटीवर येऊन बसेल असे वाटले नव्हते.

एका मंगळवारी दुपारी चारच्या सुमारास पुण्याकडची एक गाडी आली. त्यात एक वृद्ध आजी होत्या. त्यांना साखरेचा आजार. वेळेवर खाणे आवश्यक. आमच्याकडे भांडी घासून पालथी घातलेली. त्यांच्यासोबतचे आजोबा मला रागावले नाहीत. हातातला मोबाइल माझ्यापुढे धरून एवढेच म्हणाले, “मुली, हे तुम्हीच लिहिले आहे ना? याच्या भरवशावर आम्ही महाडात जेवलो नाही.” मला उत्तर सुचेना. आई आतून म्हणाली, “बसा बाबा, पिठले टाकते.” अर्ध्या तासात पिठले-भाकरी झाली, आजी जेवल्या, सर्व ठीक झाले. पण आजोबांचे वाक्य मात्र माझ्या मनातून गेले नाही. पाटीवरचा खोटा शब्द म्हणजे नुसती जाहिरात नसते. त्या शब्दावर विसंबून कोणीतरी वाटेतले जेवण सोडलेले असते.

पुण्याच्या पाट्यांची आपण थट्टा करतो. ‘दुपारी 1 ते 4 बंद’, ‘आमची कोठेही शाखा नाही’ हे वाचून हसतो. परंतु त्या दुकानदाराचे एक कौतुक केलेच पाहिजे. तो खोटे बोलत नाही! दोन वाजता कोणी त्याच्या दारात तिष्ठत बसत नाही. आमच्या गोड ‘चोवीस तास’पेक्षा ती तुसडी पाटी गिऱ्हाइकाची जास्त काळजी घेते, असे मला आता वाटते.

भावाचा प्रश्न याहून अवघड. “भाव लिहिला की पुढचा पाच रुपयांनी कमी लिहील,” असे काकीचे म्हणणे. “कोंबडीचा भाव आठवड्याला बदलतो, गॅसचा बदलतो, एकदा लिहिले की बांधले गेलो,” असे आईचे. दोघींचे म्हणणे खोटे नाही. हॉटेलवाल्याची बाजू न ऐकता त्याला दोष देणे सोपे असते. पण यावर उपाय भाव लपवणे हा नव्हे. भावाखाली तारीख घालणे हा आहे. भाव बदलला की तारीखही बदला. ताटाला अमुक रुपये, अमुक तारखेपासून, असे स्पष्ट लिहिले तर कोणता शहाणा माणूस भांडायला येईल? उलट भाव नसला की गिऱ्हाईक मनाशी म्हणते, ‘आम्ही गाडीतून उतरलेले पाहून हे सांगणार.’

आणि हॉटेल या संस्थेचा जन्मच मुळी या गोष्टीतून झाला आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिस शहरात आजच्या अर्थाने उपाहारगृहे सुरू झाली. त्यापूर्वी खाणावळीत ठरलेल्या वेळी सर्वांसोबत बसायचे आणि पुढ्यात येईल ते खायचे. नव्या उपाहारगृहात माणूस आपल्याला हव्या त्या वेळी येऊन वेगळ्या मेजावर बसू लागला, आणि पदार्थ व भाव लिहिलेला कागद त्याच्या हाती पडू लागला. काय खावे आणि किती खर्चावे हे आता त्याचे त्याला ठरवता येऊ लागले. आपल्याकडेही 2022 साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने सांगितले की, हॉटेलांनी बिलात सेवाशुल्क आपणहून जोडू नये. 2025 साली दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरले. मला त्यात हेच तत्त्व दिसते. जेवण्यापूर्वी सांगितले एक आणि जेवल्यावर मागितले दुसरे, असे होता कामा नये.

कोणी म्हणेल, आता वेबसाइटची गरजच काय? मोबाइलच्या नकाशावर सारे कळते. लोक जेवून जातात आणि तारे देऊन जातात. खरे आहे. पण ते इतरांनी आपल्याविषयी बोललेले असते. आपण स्वतः काय देतो आणि केवढ्याला देतो, हा शब्द आपला आपणच द्यायचा असतो. तो दुसऱ्याच्या तोंडून वदवता येत नाही.

येथे जेवणाऱ्याच्या बाजूची एक आठवण सांगते. अकरावीच्या प्रवेशाच्या दिवशी मी आणि बाबा रांगेत उभे राहून थकलो होतो. जवळच एक चकचकीत हॉटेल होते. आत जाऊन बसलो. फळा नव्हता, छापील कार्डही नव्हते. मेजावर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोन चिकटवलेला होता. 2020 सालच्या साथीनंतर ही पद्धत फार पसरली. वेटर म्हणाला, “स्कॅन करा.” बाबांचा फोन बटणांचा. माझ्याकडे तेव्हा फोन नव्हता. भाव विचारायला बाबांना संकोच वाटला. त्यांनी एक चहा मागवला, तो माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, “मला भूक नाही.” सकाळी सहाला घर सोडलेल्या माणसाला दुपारी दोन वाजता भूक नाही! त्या हॉटेलवाल्याने आमचा अपमान केला असे मी म्हणणार नाही. त्याला आम्ही दिसलोच नाही, एवढेच. फळा करताना आपल्यासमोर कोणते गिऱ्हाईक आहे, याचा विचार त्याने केला नव्हता.

महाडच्या परिसरात राहणाऱ्यांना तरी पाटीचे महत्त्व वेगळे सांगायला नको. एके काळी हॉटेलांच्या पाट्यांवर जातिधर्माची नावे असत. कोणी आत यायचे आणि कोणी नाही, हे त्या पाट्या ठरवत. आमच्या महाडच्या चवदार तळ्यावर 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या हजारो अनुयायांसह पाणी प्राशन केले. पुढे 1950 साली जे संविधान अमलात आले, त्याच्या पंधराव्या कलमात एकाच ठिकाणी दोन गोष्टी आल्या आहेत : धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान या कारणांवरून कोणाही नागरिकाला दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले येथे मज्जाव करता येणार नाही, आणि सार्वजनिक विहिरी, तलाव, घाट यांच्या वापरातही आडकाठी करता येणार नाही. राज्यशास्त्राच्या तासाला हे कलम वाचले तेव्हा तलाव आणि हॉटेल शेजारी शेजारी पाहून मी क्षणभर थबकले. तळे आमचे महाडचे आणि हॉटेल आमच्या ओटीवरचे!

बाबांचा तो एक चहा आणि तळ्याचा तो लढा यांची तुलना मी करीत नाही. तसे करणे उद्धटपणाचे होईल. मला म्हणायचे आहे ते इतकेच की, कायद्याने दार उघडले तरी ज्याला वाचता येणार नाही अशी पाटी लावून ते हळूच लोटून घेता येते. दुकानाच्या नामफलकावर मराठी हवी, असा महाराष्ट्राचा कायदा आहे. 2022 साली तो लहानसहान दुकानांनाही लागू झाला. नामफलक मराठीत आणि आतले सारे इंग्रजीत असले, तर एस. टी.ने गडावर निघालेल्या कुटुंबाला त्याचा काय उपयोग?

तेव्हा माझे सांगणे थोडक्यात असे. हॉटेलच्या वेबसाइटवर आधी काय मिळते ते लिहा, मग भाव आणि त्याखाली तारीख. चूल कधी पेटते आणि कधी विझते ते लिहा. रायगडावर राज्याभिषेकाचा सोहळा दोनदा होतो, एकदा 6 जूनला आणि एकदा ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला. त्या दिवसांत गर्दीमुळे काय मिळेल आणि काय नाही, हे अगोदर सांगा. आणि भाव नेहमीचाच राहणार असेल तर तेही अभिमानाने लिहा. उचलला जाणारा फोन नंबर द्या. ताटाचे चित्र आपल्याच ताटाचे असू द्या. हे सारे मराठीत असू द्या, शेजारी हिंदी-इंग्रजी जरूर असावी. आणि मेजावर एक साधे छापील कार्ड राहू द्या. बासरी वाजवायची हौस असेल तर ती यानंतर खुशाल वाजवावी.

आमच्या नात्यात 14 जानेवारी 1896 रोजी चिंतामणराव देशमुखांचा जन्म झाला. पुढे ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि देशाचे अर्थमंत्री झाले. देशाचा हिशेब सांभाळणारा माणूस ज्या गावाने दिला, त्या गावाने एका ताटाचा भाव उघडपणे लिहायला कचरू नये, असे मी काकीला सांगितले. काकी म्हणाली, “ते मोठे लोक होते.” पण भाव लिहू दिला!

धुक्यातला डोंगर आणि पापलेट आम्ही काढून टाकले. आता तेथे ओटीवरच्या फळ्याचा फोटो असतो; अक्षर माझे, वाकडेतिकडे. सकाळी अकरा ते दुपारी तीन. ताटाचा भाव. तारीख. रस्सा संपला की मी ‘आज संपले’ असे लिहून नवा फोटो टाकते. सुरुवातीला आईला ते पटेना; ‘संपले’ वाचून माणसे येणार कशी, असे तिला वाटे. परवा संध्याकाळी मी अभ्यासाला बसले होते, तर तीच आतून म्हणाली, “अगं, भाकऱ्या संपल्या. आधी फळा पूस.”