पालेभाजीची जागा ताटाच्या उजव्या बाजूला

मराठी ताटाला डावी आणि उजवी अशा दोन बाजू असून त्यांची कामे वेगळी आहेत: मीठ, लिंबू, चटणी, लोणचे, कोशिंबीर हे डावीकडे बेताने वाढले जाते, तर भाज्या उजवीकडे, पोट भरण्यासाठी वाढल्या जातात. परदेशातील मराठी घरांत केलची पाने तेल-मीठ चोळून ओव्हनमध्ये कुरकुरीत भाजण्याची पद्धत आता रुळली असून तिला आरोग्यदायी ‘साइड डिश’, म्हणजे तोंडीलावणे, मानले जाते. या पद्धतीतील कोरड्या आचेचे तत्त्व योग्यच आहे. परंतु तिच्यामुळे पालेभाजी उजवीकडून डावीकडे सरकून मूठभर चुऱ्यावर आली आहे, आणि हा बदल आहाराच्या दृष्टीने तोट्याचा आहे. लालबागच्या स्वयंपाकाचा आधार घेतल्यास ही चूक सहज सुधारता येते.

लालबाग हा मुंबईच्या गिरणगावाचा, म्हणजे कापड गिरण्यांच्या कामगार वस्तीचा, गाभा. कोकणातून आणि घाटावरून आलेले अनेक कामगार कुटुंब गावी ठेवून येथे राहत आणि खाणावळीत जेवत. या खाणावळी चालवणाऱ्या बायकांना संघटित करून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. चाळीतील एका खोलीत, एका स्टोव्हवर, पाळीची वेळ सांभाळून शिजणाऱ्या या अन्नात परतलेली पालेभाजी चपखल बसते, कारण तिला तेल थोडे लागते, इंधन त्याहून कमी लागते आणि भाकरीबरोबर तिच्यावर पुरते जेवण होते.

‘भाजणे’ म्हणजे कोरड्या आचेवर शिजवणे आणि ‘परतणे’ म्हणजे थोड्या तेलावर सतत हलवत शिजवणे. पाल्याच्या बाबतीत या दोन क्रियांमागचे तत्त्व एकच आहे, ते म्हणजे वरून पाणी न घालणे. लाल माठाची जुडी निवडून, धुऊन, पूर्ण निथळू दिल्यावर लोखंडी कढईत चमचाभर तेल तापवून त्यात ठेचलेला लसूण आणि सुकी मिरची टाकली जाते, आणि लसूण तांबूस होताच पाला पडतो. सुरुवातीला कढईच्या काठावर आलेला ढीग दोन-तीन मिनिटांत तळाशी बसतो. यालाच भाजी ‘आळणे’ म्हणतात. मीठ घालायचे ते भाजी आळल्यावरच, कारण ढीग पाहून घातलेले मीठ हमखास जास्त होते. झाकण ठेवले जात नाही, आणि सुटलेले तांबडे पाणी आटून लसणाच्या पाकळ्या गुलाबी झाल्या की भाजी उतरवली जाते.

या कृतीमागील कारणे पोषणशास्त्राने समजावता येतात. क जीवनसत्त्व आणि फोलेट ही पाण्यात विरघळणारी द्रव्ये उकडलेल्या पाण्याबरोबर मोरीत जातात. परतताना ती भाजीतच राहतात, आणि आच थोडाच वेळ लागल्याने त्यांचा नाशही मर्यादित राहतो. बीटा कॅरोटीन, ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व तयार करते, ते स्निग्ध पदार्थाबरोबरच नीट शोषले जाते, म्हणून चमचाभर तेल आवश्यक ठरते. झाकण नसल्यामुळे पानातील आम्ले वाफेबरोबर निघून जातात आणि हिरव्या भाजीचा रंग टिकतो. शेवटी लिंबू पिळल्यास त्यातील क जीवनसत्त्व पाल्यातील लोहाच्या शोषणास मदत करते.

अर्थात हे तत्त्व सरसकट लागू करता येत नाही. पालक आणि माठ यांत ऑक्झलेट, म्हणजे कॅल्शियमशी संयोग पावून मुतखड्यास कारण ठरू शकणारे द्रव्य, बरेच असते. ते उकळत्या पाण्यात काही प्रमाणात उतरते, परतल्याने जात नाही. त्यामुळे ज्यांना असा त्रास आहे त्यांनी पाला आधी उकडून पाणी टाकून देणे इष्ट आहे, किंवा कमी ऑक्झलेट असलेला केल निवडावा.

परदेशात माठ सहज मिळत नाही, ही अडचण खरी असली तरी मोठी नाही. कोलार्ड, केल, मोहरीचा पाला, आणि अनेक घरांत कचऱ्यात जाणारा मुळ्याचा पाला हे सर्व लालबागच्या रीतीने परतता येतात. जाड पानांसाठी ओव्हनही चालतो, कारण तापलेला ट्रे म्हणजे एक रुंद तवाच होय. मात्र पाने कोरडी आणि एका थरात असावीत, अन्यथा पानांत असलेल्या ८५ ते ९० टक्क्यांच्या आसपास पाण्याची वाफ अडकून ती भाजण्याऐवजी उकडतात. २०० अंश सेल्सिअसवर आठ-दहा मिनिटांत कडा तांबूस होतात. तेथेच थांबावे आणि पाने मऊ असतानाच लसणाच्या फोडणीत घोळवावीत. कुरकुरीत चुरा दोन घासांत संपतो, मऊ भाजीला मात्र भाकरी लागते.

कोकणातील अनेक घरांत गौरी आवाहनाच्या दिवशी देवीला भाजी-भाकरीचाच नैवेद्य दाखवला जातो. दूरच्या वाटेने माहेरी आलेल्या लेकीसाठी हेच पूर्ण जेवण मानले गेले आहे. परदेशातील मंडळांनी गणेशोत्सवाच्या पंगतीत एक दिवस भाकरी आणि परतलेली पालेभाजी यांचाच बेत ठेवावा आणि ती वाढताना डाव उजवीकडे रिकामा करावा. ज्या मुलांना पाला केवळ कुरकुरीत तुकडा म्हणून माहीत आहे, त्यांना तो जेवण म्हणून तेथेच कळेल.